पेर्त्युई ब्रतों, २०१४: शिनाण्यांची मरतूक आणि एका जिवाणूवरचा आरोप

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर, ला रोशेल शहराच्या वायव्येला, मुख्य भूमी आणि रे बेट यांच्यामध्ये पेर्त्युई ब्रतों ही उथळ सामुद्रधुनी आहे. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर येथील शिनाणे मरू लागले. कोकणात आपण ज्यांना शिनाणे म्हणतो त्या हिरव्या शिंपल्यांचेच हे निळसर काळे, थंड पाण्यातले भाऊबंद; शास्त्रीय नाव मायटिलस एड्युलिस. पाहता पाहता ही मर तरंगत्या दोरांवरून किनाऱ्यालगतच्या खांबांपर्यंत आणि तेथून शेजारच्या पेर्त्युई दांतिऑश या सामुद्रधुनीपर्यंत पोहोचली, आणि वसंत संपेपर्यंत काही दोरांवरचे ९० ते १०० टक्के शिनाणे मेले होते. लहान आणि मोठे, शेतीतले आणि खडकांवरचे रानटी, असा फरक तिने केला नाही.

मरणाऱ्या शिनाण्यांत व्हिब्रिओ स्प्लेंडिडस या गटातील जिवाणू सापडले आणि ‘जिवाणूजन्य मरतूक’ अशी या घटनेची पहिली ओळख झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत हा आरोप कितपत टिकला, कोणते पुरावे त्याच्या बाजूने उभे राहिले आणि कोणत्या पुराव्यांनी त्याला धक्का दिला, हे येथे तपासायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: जिवाणू निर्दोष नाही, परंतु २०१४ चा मुख्य आरोपी म्हणून त्याला उभे करण्याइतका पुरावा कधीही जमला नाही.

जागा आणि शेतीची रीत

पेर्त्युई ब्रतोंच्या पूर्वेला एग्वियोंचा उपसागर आहे. १२३५ साली येथे गलबत फुटून वाचलेल्या पॅट्रिक वॉल्टन नावाच्या आयरिश खलाशाने पक्षी धरण्यासाठी चिखलात खांब रोवून जाळी बांधली, आणि पक्ष्यांपेक्षा त्या खांबांवर शिनाणेच जास्त लागले, अशी दंतकथा सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली तरी खांबांवरची शेती तेथे खरोखरच जुनी आहे. तिला बुशो म्हणतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लाकडी खांबांच्या लांबच लांब रांगा रोवलेल्या असतात, आणि त्या ओहोटीला उघड्या पडतात. वसंतात शिनाण्यांच्या अळ्या पाण्यात तरंगत असताना काथ्याचे दोर ताणून ठेवले जातात. अळ्या त्यांना चिकटून बीज तयार होते आणि उन्हाळ्यात हा बीज लागलेला दोर खांबाभोवती सर्पिल गुंडाळला जातो. साधारण वर्ष-दीड वर्षात माल काढणीला येतो.

या जुन्या पद्धतीच्या जोडीला थोड्या खोल पाण्यात तरंडांच्या आधाराने लोंबत्या दोरांवरची शेती आहे. तेथील शिनाणे ओहोटीला कधीच उघडे पडत नाहीत, चोवीस तास खातात आणि भराभर वाढतात. या दोन पद्धतींतला फरक पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण मर आधी आणि सर्वांत तीव्रतेने दिसली ती या दोरांवर.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फ्रान्समधले शिनाणे-शेतकरी जवळजवळ सर्वस्वी रानटी बीजावर अवलंबून असतात, आणि अटलांटिक किनाऱ्यावर गोळा केलेले बीज ब्रिटनी आणि नॉर्मंडीतल्या शेतांकडे पाठवले जाते. त्यामुळे बीज भरून एखादा ट्रक उत्तरेला निघतो तेव्हा बीजाच्या अंगात जे काही असेल तेही त्याच्याबरोबर जाते.

संशय व्हिब्रिओवर का गेला

शिनाणे कणखर समजले जात. शिंपल्यांच्या रोगांविषयी फ्रान्समध्ये जी काळजी होती ती कालवांची. २००८ पासून कालवांच्या पिलांना हर्पिस जातीच्या विषाणूने झोडपले होते आणि २०१२ नंतर मोठ्या कालवांत व्हिब्रिओ एस्ट्युआरिॲनस हा जिवाणू वारंवार आढळत होता. ला त्रांब्लाद येथील इफ्रेमेर या सागरी संशोधन संस्थेची प्रयोगशाळा हे सर्व पाहत होती. त्यामुळे शिनाणे मरू लागले तेव्हा कालवांसाठी बसवलेली कार्यपद्धतीच वापरली गेली: ऊतींचे छेद घेणे, ज्ञात विषाणू आणि परजीवी शोधणे, जिवाणू वाढवून ओळखणे. कालवांचा तो विषाणू शिनाण्यांच्या मरतुकीचे कारण म्हणून पुढे आला नाही. ज्ञात परजीवींचा भारही एवढ्या मृत्यूंचा हिशेब लागेल इतका नव्हता. पोषक माध्यमाच्या तबकड्यांवर वाढले ते व्हिब्रिओ.

येथे शिनाण्याच्या शरीराकडे पाहणे भाग आहे, कारण या प्रकरणातली निम्मी गुंतागुंत त्या शरीरातच आहे. हा प्राणी पाणी गाळून जगतो. मोठा शिनाणा तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून जाऊ देतो आणि त्या पाण्यातल्या जिवाणूंशी त्याचा संबंध अखंड असतो. त्याचे रक्ताभिसरण खुले असते, म्हणजे रक्तद्रव बंद नळ्यांतून न वाहता ऊतींच्या पोकळ्यांतून झिरपतो. प्रतिपिंडे त्याच्यापाशी नाहीत. संरक्षण करतात त्या रक्तपेशी, ज्या जिवाणूंना गिळून आत पचवतात, आणि त्यांच्या जोडीला मायटिलिन, मायटिसिन, डिफेन्सिन यांसारखी जिवाणूंना मारणारी लहान प्रथिने. या संरक्षणाचा अर्थ रक्तद्रव निर्जंतुक असतो असा मात्र होत नाही. धडधाकट शिनाण्याच्या रक्तद्रवातही थोडे व्हिब्रिओ सहसा असतात आणि तेथे त्यांचे कोणी फारसे वाकडे करत नाही.

म्हणून आजारी शिनाण्यात व्हिब्रिओ सापडणे ही बातमीच नव्हे. प्रश्न असा की ते तेथे किती होते, कोणत्या वाणाचे होते, आणि प्राणी आजारी पडण्यापूर्वी वाढले की नंतर. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्षेत्रीय नमुन्यांतून मिळणे फार कठीण असते. शेतकऱ्याच्या लक्षात मर येते ती उघड्या, रिकाम्या शिंपा दिसल्यावर; त्या शिंपांतला प्राणी केव्हाच कुजलेला असतो आणि कुजणाऱ्या मांसावर व्हिब्रिओ सर्वांत आधी येतात. उपयोगाचा असतो तो मरायला टेकलेला प्राणी, जो शिवल्यावर शिंप मिटायला उशीर लावतो परंतु अजून जिवंत आहे. असे प्राणी ऐन मरतुकीच्या दोन-चार दिवसांतच भरपूर मिळतात. समुद्रावर वादळे असतील तर बोट त्या दिवशी बाहेर पडतही नाही, आणि तो हिवाळा वादळांचाच होता.

एक खुलासा आताच केलेला बरा, कारण वाचकाच्या मनात तो प्रश्न असणारच. स्प्लेंडिडस गटातले हे जिवाणू माणसाला रोग देणारे म्हणून ओळखले जात नाहीत. कच्च्या शिंपल्यांतून माणसाला बाधणारे व्हिब्रिओ वेगळे आहेत, पॅराहिमोलिटिकस आणि व्हल्निफिकस. त्यांची भीती मुख्यतः कोमट पाण्याच्या दिवसांत असते. पेर्त्युई ब्रतोंमधली मर ही शेतकऱ्याच्या नुकसानीची गोष्ट होती. ग्राहकाच्या ताटाशी तिचा संबंध नव्हता.

प्रयोगशाळेतला पुरावा

व्हिब्रिओ स्प्लेंडिडस हे एका प्रजातीचे नाव वाटले तरी प्रत्यक्षात तो एकमेकांना खेटून असलेल्या अनेक प्रजातींचा गट आहे. जिवाणू ओळखण्यासाठी सरसकट वापरल्या जाणाऱ्या १६एस जनुकाच्या वाचनातून या प्रजाती नीट वेगळ्या होत नाहीत. त्यासाठी जायरेझ-बीसारखी अधिक वेगाने बदलणारी जनुके, आणि शक्यतो अनेक जनुके एकत्र वाचावी लागतात. गट विविध असल्यामुळे ‘स्प्लेंडिडस सापडला’ या वाक्यातून रोगकारकतेबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. त्याच गटातला एक वाण प्राणघातक आणि दुसरा निरुपद्रवी असू शकतो.

हे ल हाव्र विद्यापीठ आणि इफ्रेमेर यांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून स्वच्छ दिसते. शिनाण्यांपासूनच वेगळे केलेले दोन वाण त्यांनी समोरासमोर ठेवले. त्यांपैकी १०/०६८ १टी१ हा वाण टोचल्यावर शिनाणे मेले. १२/०५६ एम२४टी१ हा वाण टोचल्यावर तसे झाले नाही. मग दोन्ही वाण शिनाण्यांच्या रक्तपेशींसमोर ठेवून त्या पेशींचे वर्तन पाहिले. घातक वाणाच्या सान्निध्यात रक्तपेशींची पृष्ठभागाला चिकटण्याची आणि सरकण्याची क्षमता घटली, आणि गिळलेल्या जिवाणूला पचवणाऱ्या आम्लयुक्त पुटिका पुरेशा तयार होईनात. थोडक्यात, हा वाण शिनाण्याच्या एकमेव पायदळालाच निकामी करू शकतो. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला जिवाणूविरुद्धचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण त्यात मृत्यूसोबत मृत्यूची यंत्रणाही दिसते.

तरीही या पुराव्याची मर्यादा त्याच्या क्रमांकातच लिहिलेली आहे. पहिले दोन अंक नमुन्याचे वर्ष दाखवतात. हा वाण २०१४ च्या मरतुकीतला नाही, त्यापूर्वीचा आहे. त्यावरून असा वाण शिनाण्यांना मारू शकतो हे सिद्ध होते. २०१४ मध्ये त्याने किंवा त्याच्यासारख्याने मारले, हे सिद्ध होण्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

शिवाय टोचण्याची पद्धत. सुईने जिवाणू थेट स्नायूत किंवा पोकळीत सोडला की कल्ले, श्लेष्मा आणि आतडे हे सर्व नैसर्गिक अडसर ओलांडले जातात, आणि जिवाणूंची मात्राही समुद्रात कोणत्याही शिनाण्याला एका क्षणी भेटणार नाही एवढी असू शकते. आजारी आणि निरोगी प्राणी एकाच टाकीत ठेवून, किंवा जिवाणू पाण्यात मिसळून केलेली चाचणी निसर्गाच्या अधिक जवळची असते, परंतु ती हट्टी असते. अनेकदा काहीच घडत नाही आणि काही न घडण्यामागे दहा कारणे असू शकतात. नॉर्मंडीतल्या लाबेओ या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०२० मध्ये स्प्लेंडिडस गटातील दोन वाणांची चाचणी प्रसिद्ध केली. तिचा प्रश्न मला फार योग्य वाटतो: वाण किती घातक आहे याबरोबरच, शिनाणे कोणत्या गावचे आहेत आणि वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर आहेत, याने निकाल बदलतो का? जिवाणूच्या घातकतेचा एकच आकडा सांगून मोकळे होण्याची सवय या प्रश्नामुळे मोडते.

हिवाळ्याची बाजू

२०१३-१४ चा हिवाळा पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर असाधारण होता. डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत एकामागून एक वादळे आली. डर्क, पेट्रा, उला, ख्रिस्तीन ही त्यांतली काही नावे. हवा सौम्य, पाऊस अफाट. पेर्त्युई ब्रतोंमध्ये ले आणि सेव्र न्योर्तेझ या नद्या उतरतात, पेर्त्युई दांतिऑशमध्ये शारांत. या नद्यांनी महिनोन्‌महिने गोडे, गढूळ पाणी आणले, सामुद्रधुनीची क्षारता उतरली, आणि लाटांनी तळाचा गाळ पुन्हा पुन्हा वर काढला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या मरतुकीमागच्या पर्यावरणीय कारणांचीच स्वतंत्र छाननी केली.

हे सगळे शिनाण्यांच्या सर्वांत नाजूक काळात घडले. हिवाळाअखेरीस त्यांची जननग्रंथी भरत येते आणि वसंतात अंडी-शुक्राणू सोडले जातात. साठवलेली शक्ती त्यात खर्च होते, रक्तपेशींचे कामही त्या दिवसांत मंदावू शकते. त्यातच क्षारता घसरली की शिनाणे शिंपा घट्ट मिटून बसतात. मिटलेला प्राणी खात नाही आणि ऑक्सिजनशिवाय कसाबसा तग धरतो. काही तासांची ओहोटी तो सहज काढतो. आठवडे काढणे वेगळे.

क्षारतेचा हा मुद्दा कोकणातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे हिरव्या शिनाण्यांची शेती पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बीज लावून सुरू होते आणि मेअखेर, मृगाच्या आधी माल काढला जातो, कारण खाडीत पावसाचे पाणी भरल्यावर दोरावर काही शिल्लक राहत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. फ्रेंच शेतकऱ्याला असा ठरलेला पावसाळा नसतो. त्याचा माल बारा महिने पाण्यात असतो, आणि बहुतेक वर्षी ते चालून जाते.

परंतु हवामानावर सगळे ढकलण्यातही अडचण आहे. पूर आणि वादळे ओसरल्यावरही मर चालू राहिली. आणि पुढच्या वर्षांत ती पुन्हा आली: २०१५ मध्ये ब्रेस्तच्या बंदर-उपसागरात, २०१६ मध्ये उत्तर ब्रिटनीतल्या लानियों उपसागरात. त्या वर्षांत २०१३-१४ सारखा हिवाळा नव्हता. बहुतेक वेळा काळ मात्र तोच होता, हिवाळाअखेर ते वसंत. म्हणजे ऋतूचा भाग पक्का, पुराचा भाग निदान सर्वत्र आवश्यक नव्हे. लानियोंच्या मरतुकीचा तपास तर रोगकारक, शरीरातील विकृती आणि प्रदूषके अशा तीन अंगांनी झाला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. एका आरोपीवर विश्वास असता तर एवढे जाळे कोणी टाकले नसते.

रक्तातल्या वेगळ्या पेशी

२०१६ मध्येच ला त्रांब्लादच्या संशोधकांनी एक अनपेक्षित पुरावा पुढे आणला. प्रवाह-कोशिकामापन या तंत्राने त्यांनी शिनाण्यांच्या रक्तपेशींतले डीएनएचे प्रमाण मोजले. निरोगी शिनाण्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि प्रौढ रक्तपेशी सहसा विभाजनाच्या घाईत नसतात. मरतुकीने ग्रासलेल्या गटांत मात्र डीएनएचे प्रमाण बिघडलेल्या आणि भराभर विभागणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने आढळल्या. एखाद्या गटात अशा पेशींचे प्रमाण जितके जास्त, तितकी त्या गटातली मर जास्त, असा संबंधही दिसला.

अशा पेशींचे चित्र शिंपल्यांच्या एका जुन्या रोगाशी जुळते. त्याला विखुरलेला अर्बुदरोग म्हणता येईल: रक्तपेशींसारख्या दिसणाऱ्या कर्कपेशी रक्तद्रवात भरून जातात आणि खऱ्या रक्तपेशींची जागा बळकावतात. २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मऊ कवचाच्या शिंपल्यांत, आणि २०१६ मध्ये शिनाण्यांत, हा रोग काही वेळा संसर्गजन्य असल्याचे जनुकीय पुराव्याने दाखवले गेले. विषाणूमुळे कर्करोग होतो तसा हा संसर्ग नव्हे. येथे कर्कपेशी स्वतःच एका प्राण्यातून दुसऱ्यात जातात, बहुधा पाण्यातून. पुढे २०१९ मध्ये हे स्पष्ट झाले की फ्रान्समधल्या मायटिलस एड्युलिस शिनाण्यांत आणि दक्षिण अमेरिकेतल्या त्यांच्या नातलगांत एकच कर्कवंश फिरतो आहे, आणि तो मुळात मायटिलस ट्रॉसुलस या तिसऱ्याच प्रजातीच्या कोणत्या तरी एका प्राण्यात जन्मला. मुख्यतः पॅसिफिकच्या उत्तर किनाऱ्यावर राहणारी ही प्रजाती फ्रान्समध्ये नाही. तिचा कर्करोग मात्र आहे.

हा शोध जिवाणूच्या खटल्यात दोन प्रकारे वाचता येतो. एक वाचन असे की खरा मारेकरी या पेशी होत्या आणि व्हिब्रिओ नंतर आलेला लुटारू. दुसरे वाचन अधिक सावध आहे: बिघडलेल्या पेशी हा कर्करोगच होता की दुसऱ्या एखाद्या ताणामुळे रक्तपेशींत झालेली उलथापालथ, हे केवळ डीएनएच्या मोजमापावरून ठरत नाही. पुढच्या वर्षांत शेतांतल्या शिनाण्यांची अर्बुदरोगासाठी ऊतिछेद आणि जनुकीय चाचण्यांनी पाहणी झाली, तेव्हा संसर्गजन्य कर्करोग सापडला खरा, परंतु त्याचे प्रमाण कमी होते. नव्वद टक्के शेती उजाड करील असे मुळीच नाही. म्हणून मी दुसऱ्या वाचनाच्या बाजूने आहे. पेशींचा बिघाड आणि मर यांचा संबंध मान्य, कर्करोग हे एकमेव उत्तर मान्य नाही.

दोन्ही वाचनांत एक गोष्ट मात्र समान आहे. रक्तपेशी आधीच बिघडलेल्या असतील, तर ज्या व्हिब्रिओला एरवी कोणी विचारले नसते तो रक्तद्रवात मोकाट वाढू शकतो. कालवांच्या बाबतीत हा क्रम २०१८ मध्ये नीट उलगडला: हर्पिस विषाणू आधी रक्तपेशींवर हल्ला करून प्रतिकार मोडतो, मग संधिसाधू जिवाणू शिरतात आणि शेवटचा घाव घालतात. शिनाण्यांत विषाणूच्या जागी काय होते, हा प्रश्न उरतो, पण क्रमाची शक्यता हवेतली राहत नाही.

तबकडीवर न दिसलेला जिवाणू

जिवाणूंचे प्रकरण बंद करावे असे वाटत असतानाच २०२० मध्ये लाबेओच्या गटाने फ्रान्समध्ये मरतुकीला तोंड देणाऱ्या शिनाण्यांत एक वेगळाच जिवाणू प्रथमच नोंदवला: फ्रान्सिसेला हॅलिओटिसिडा. जपानमधल्या अबालोन या मौल्यवान गोगलगायीच्या मरतुकीतून तो आधी ओळखला गेला होता आणि पुढे कॅनडातल्या शेतीच्या स्कॅलप शिंपल्यांतही सापडला होता. ऊतिछेदांत रक्तपेशींच्या गाठीसारख्या जखमा दिसतात, जणू शरीराने शत्रूला घेरून ठेवले आहे.

या नोंदीचे महत्त्व पद्धतीच्या दृष्टीने मोठे आहे. फ्रान्सिसेला कुळातले जिवाणू खाण्यात अतिशय चोखंदळ असतात. समुद्री जिवाणूंसाठीच्या नेहमीच्या माध्यमावर ते सहसा वाढत नाहीत, वाढले तरी सावकाश, आणि तोवर व्हिब्रिओ सगळी तबकडी व्यापून बसलेले असतात. २०१४ मध्ये मुख्य भरवसा तबकडीवर होता, आणि तबकडी जे वाढू देते तेच दाखवते. रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोट्यांत रोगकारक शुद्ध स्वरूपात वाढवता यावा ही अट आहे. तिचा एक आडपरिणाम असा की सहज वाढणाऱ्यावर आरोप लवकर लागतो. २०१४ च्या शिनाण्यांत फ्रान्सिसेला होता असा निष्कर्ष मी यावरून काढत नाही. व्हिब्रिओच्या वारंवार सापडण्याला जे वजन दिले गेले, ते मात्र या माहितीनंतर कमी करायला हवे.

शेतकऱ्याच्या हाती काय उरले

उघड्या समुद्रात औषध देता येत नाही. प्रतिजैविक पाण्यात टाकणे निरर्थक आणि घातक, लस प्रतिपिंडेच नसलेल्या प्राण्याला लागू नाही. त्यामुळे कारण कोणतेही ठरले असते तरी उपाय व्यवस्थापनाचेच होते. युरोपीय कायद्यानुसार अनपेक्षित मरतूक कळवणे बंधनकारक आहे. बाधित पाण्यातले बीज आणि अर्धवट वाढलेला माल अन्यत्र न हलवणे हा सर्वांत उघड उपाय, आणि बीजासाठी एकाच किनाऱ्यावर विसंबलेल्या धंद्यात सर्वांत महागडाही. दोरावरची दाटी कमी करणे, बाजारयोग्य झालेला माल वसंतापूर्वीच काढून घेणे, हे शेतकऱ्यांनी आपापल्या हिशेबाने केले. इफ्रेमेरने शिनाण्यांसाठी मिटिलोब्स हे स्वतंत्र निरीक्षण-जाळे उभारले, ज्यात ठरावीक ठिकाणी ज्ञात मूळ असलेले गट ठेवून त्यांची वाढ आणि मर वर्षभर मोजली जाते. माझ्या मते २०१४ मधून मिळालेली ही सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे. मर सुरू झाल्यावर घेतलेला नमुना आधी काय घडले हे सांगू शकत नाही जर मर सुरू होण्यापूर्वीचा नमुना हाताशी नसेल, आणि २०१४ मध्ये तो हाताशी फारसा नव्हता. ठाण मांडून बसलेल्या गटांतून रक्तद्रव आधीच्या महिन्यांत घेऊन ठेवता येतो. बिघडलेल्या पेशी आधी वाढतात की व्हिब्रिओ आधी, याचे उत्तर तेथूनच येऊ शकते.

कारण न ठरताही पुढे जाता येते याचे उदाहरण निवड-पैदाशीने दिले. ला त्रांब्लादच्या संशोधकांनी वसंतातल्या मरतुकीतून वाचलेल्या शिनाण्यांची पिढी वाढवून ती पुन्हा त्याच पाण्यात ठेवली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात एकाच पिढीच्या निवडीनंतर जगण्याचे प्रमाण निवड न केलेल्या गटांपेक्षा स्पष्टपणे वाढले. म्हणजे प्रतिकाराचा काही भाग वारशाने जातो. ज्या रोगाचे नाव निश्चित नाही त्याच्याविरुद्ध प्रतिकारक्षम वाण तयार होऊ शकतो, आणि मारणारा घटक निव्वळ पूर किंवा वादळ असता तर असा वारसा इतक्या ठळकपणे दिसणे अवघड होते.

प्रत्यक्ष वापरात मात्र हा मार्ग अडतो तो पुन्हा बीजापाशी. कालवांचे बीज फ्रान्समध्ये मोठ्या प्रमाणात उबवणी केंद्रांत तयार होते, म्हणून सुधारित वाण तेथे लवकर पसरतो. शिनाण्यांचे बीज समुद्र फुकट देतो. काथ्याचा दोर ताणला की झाले. फुकट मिळणाऱ्या बीजाच्या जागी उबवणी केंद्राचे विकतचे बीज लावण्याचा खर्च किलोला स्वस्त विकल्या जाणाऱ्या या मालाला परवडेल का, हा हिशेब चांगल्या वर्षी शेतकरी नाकारतो आणि मरतुकीच्या वर्षी त्याच्यापाशी पैसे नसतात. शिवाय निवडलेले शिनाणे एकदा खांबांवर लागले की वसंतात तेही पाण्यात बीज सोडणार आणि ते रानटी बीजात मिसळणार. त्यामुळे प्रतिकार हळूहळू साऱ्या किनाऱ्यावर पसरेल की विरून जाईल, हे खांबांच्या रांगांत पुढच्या पिढ्या मोजूनच कळेल.